फुल फ्रेम, हाफ बजेट

सध्या आपल्या हॉस्टेलवर दोनच पक्ष आहेत. एक फुल फ्रेमवाल्यांचा आणि दुसरा क्रॉपवाल्यांचा. मेसमध्ये भाजीत मीठ कमी आहे की जास्त यावरून सुरू झालेली चर्चासुद्धा शेवटी सेन्सरवर येऊन थांबते. निमित्त तुम्हाला माहीतच आहे. जिमखान्याकडून यंदा फोटोग्राफी क्लबला कॅमेऱ्यासाठी पैसे मंजूर झालेत आणि ते कशावर खर्च करायचे हे ठरवायचं आहे. एका गटाचं म्हणणं, आयुष्यात एकदा पैसे मिळालेत तर एक झकास फुल फ्रेम घेऊन टाकू. दुसऱ्या गटाचं म्हणणं, तेवढ्याच पैशांत दोन क्रॉप सेन्सरचे कॅमेरे आणि तीन-चार बऱ्या लेन्स येतील.

मी दुसऱ्या गटात आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे शेवटपर्यंत सस्पेन्स नको. पण का आहे, ते सांगायला दोन-तीन पानं लागतील, कारण या वादात आकड्यांपेक्षा आवाजच जास्त झालाय. इंजिनिअरिंगवाल्यांनी तरी आधी आकडे मांडावेत आणि मग भांडावं, नाही का?

(एक खुलासा. मी कॉन्व्हेंटमधली. ‘भिंग’ म्हणायला गेले तरी तोंडातून ‘लेन्स’च बाहेर पडतं. तेव्हा या लेखात लेन्सला लेन्स आणि सेन्सरला सेन्सरच म्हणूया. मराठीच्या मॅडमनी सांभाळून घ्यावं.)

ज्यांना हा वाद म्हणजे काय हेच माहीत नाही, त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. कॅमेऱ्यात पूर्वी जिथे फिल्म असायची तिथे आता सेन्सर असतो. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. क्रॉप सेन्सर त्याहून लहान. निकॉन, सोनी, फुजी यांचा साधारण २३.५ बाय १५.६, कॅननचा अजून थोडा लहान, २२.३ बाय १४.९. लेन्स तीच ठेवली तर लहान सेन्सरवर चित्राचा फक्त मधला भाग पडतो, कडा कापल्या जातात. म्हणून नाव क्रॉप. निकॉन-सोनीसाठी हा फरक १.५ पट, कॅननसाठी १.६ पट. म्हणजे ५० मिमीची लेन्स निकॉनच्या क्रॉपवर लावली तर फुल फ्रेमवर ७५ मिमीची लावल्यावर जेवढं दिसेल तेवढंच दिसतं. लेन्स बदलत नाही, तिची ५० मिमी ही फोकल लेंग्थ ५०च राहते. फक्त खिडकी लहान होते. बस्स, एवढंच आहे ते. यात गूढ काही नाही.

आता हे ‘फुल’ प्रकरण. शब्दातच मेख आहे. एकाला ‘फुल’ म्हटलं की दुसरा आपोआप ‘अर्धवट’ ठरतो! पण ३६ बाय २४ हा आकार काही आकाशातून पडलेला नाही. ऑस्कर बारनाक नावाच्या जर्मन इंजिनिअरने सिनेमाची ३५ मिमीची फिल्म घेतली, सिनेमाची फ्रेम १८ बाय २४ होती ती दुप्पट केली आणि त्यातून लायका कॅमेरा तयार झाला. तो बाजारात आला १९२५ साली. त्या काळात या आकाराला ‘मिनिएचर’ म्हणजे चिमुकला फॉरमॅट म्हणत. होमाई व्यारावाला हे नाव ऐकलंय? आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या. त्यांच्या हातात स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स असायचे. रोलायफ्लेक्सची चौकोनी निगेटिव्ह आजच्या फुल फ्रेमच्या साडेतीन पटींहून मोठी. त्या हिशोबाने आपला ‘फुल’ फ्रेमसुद्धा क्रॉपच की! आजही फुजीचे जीएफएक्स कॅमेरे ४३.८ बाय ३२.९ चा सेन्सर लावून येतात. तेव्हा ‘फुल’ हा शब्द ऐकून भारावून जाऊ नका. आपल्या मेसची ‘फुल’ थाळीसुद्धा नावालाच फुल असते, हे आपण रोज बघतोच.

डिजिटलच्या सुरुवातीचा इतिहासही बघा. निकॉनचा डी१ आला १९९९ मध्ये, २.७ मेगापिक्सेलचा आणि क्रॉप सेन्सरचा. निकॉनचा पहिला फुल फ्रेम डी३ आला तो २००७ मध्ये. मधली आठ वर्षं निकॉनचे डिजिटल एसएलआर वापरणारे जगभरचे बातमीदार फोटोग्राफर क्रॉपवरच काम करत होते. मॅचेस झाल्या, निवडणुका झाल्या, त्सुनामी आली. सगळ्याचे फोटो निघाले, छापले गेले. कॅननने २००२ मध्ये ११ मेगापिक्सेलचा १डीएस हा फुल फ्रेम काढला, पण तो सामान्य माणसाच्या आवाक्यातला नव्हता. त्या मानाने परवडणारा ५डी यायला २००५ साल उजाडलं.

मग फुल फ्रेम एवढा महाग का? हा प्रश्न खरा इंजिनिअरिंगचा आहे आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी यावर एक व्हायवा द्यायला हरकत नाही. सेन्सर सिलिकॉनच्या गोल वेफरवर बनतात. दिवाळीत आई शंकरपाळ्यांसाठी पोळी लाटते ती आठवा. पोळी गोल, शंकरपाळे चौकोनी. तुकडे लहान कापले तर कडेला वाया कमी जातं, मोठे कापले तर कडेचं बरंच उरतं. २०० मिमीच्या वेफरचं क्षेत्रफळ साधारण ३१,४०० चौरस मिलिमीटर. फुल फ्रेमचं ८६४, निकॉनच्या क्रॉपचं ३६६. नुसता भागाकार केला तर ३६ विरुद्ध ८५. कडा वजा केल्यावर दोन्ही आकडे उतरतात, पण फुल फ्रेमचा जास्त उतरतो. त्यात आणखी एक भानगड. पिठात एखादा खडा निघाला तर तो ज्या शंकरपाळ्यात जाईल तो गेला. तुकडे मोठे असतील तर एकेका खड्याबरोबर वाया जाणारं पीठही जास्त. वेफरवरच्या दोषांचं तसंच. समजा, दर चौरस सेंटिमीटरला सरासरी ०.१ दोष धरला (हा आकडा मी उदाहरणासाठी घेतलाय), तर पॉयसनच्या सूत्राने क्रॉपचे सुमारे ६९ टक्के सेन्सर चांगले निघतात आणि फुल फ्रेमचे ४२ टक्के. म्हणजे क्षेत्रफळ २.३६ पट, पण बनवण्याचा खर्च त्याहून बराच जास्त पट. त्यात ३६ बाय २४ चा आकार चिप छापणाऱ्या नेहमीच्या यंत्राच्या एका एक्स्पोजरमध्ये मावत नाही, तुकडे जोडून छापावा लागतो. सांगायचा मुद्दा, फुल फ्रेमच्या किमतीतला बराच भाग सिलिकॉनच्या या अडचणींचा आहे. किंमत तिप्पट म्हणजे फोटो तिप्पट चांगला, असं गणित होत नाही.

मग फायदा किती पट? तोही मोजूया, कारण फायदा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. समान लेन्स, समान अॅपर्चर, समान शटर असेल तर २.३६ पट मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाश २.३६ पट पडतो. फोटोग्राफीच्या भाषेत सव्वा स्टॉप. प्रकाशातला नॉइज फोटॉनच्या संख्येच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणून सिग्नल-टू-नॉइज सुधारतो तो वर्ग २.३६ नाही, त्याचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे दीड पट. रात्री, अंधाऱ्या हॉलमध्ये, लग्नाच्या मांडवात हा दीडपट फरक दिसतो. भर दुपारी कॉलेजच्या पोर्चसमोर काढलेल्या ग्रुप फोटोत मात्र तो शोधायला भिंग लागेल. (बघा, आला ना शब्द!)

आता माझा मुख्य मुद्दा. हाच हिशोब लेन्सला लावून बघा.

आपल्या गॅदरिंगचं उदाहरण घेऊ. एकांकिका चालू आहे, स्टेजवर दोन स्पॉट, फ्लॅश मारायला बंदी (आणि असायलाच हवी, समोर कलाकार जीव तोडून काम करत असतात). हातात क्रॉप कॅमेरा आणि त्याबरोबर आलेली १८-५५ ची किट लेन्स. ५५ वर झूम केली की अॅपर्चर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. मिररलेसबरोबर येणाऱ्या काही नव्या किट लेन्स तर एफ/६.३ वर अडकतात. शटर १/१२५ ठेवायचा तर आयएसओ ६४०० लागतो असं धरा. फोटोत रवा सांडल्यासारखा नॉइज. सगळे म्हणतात, “बघ, क्रॉप आहे ना, म्हणून.”

म्हणून? दोन उपाय आहेत. पहिला, बॉडी बदला, फुल फ्रेम घ्या आणि तेवढ्याच एफ/५.६ वर काढा. सव्वा स्टॉपचा फायदा, म्हणजे क्रॉपवर आयएसओ २७०० ला जेवढा नॉइज दिसेल तेवढा दिसेल. फुल फ्रेमबरोबर एफ/४ ची झूम घेतली तर तो आकडा १४०० च्या आसपास येईल. दुसरा उपाय, बॉडी तीच ठेवा आणि ५० मिमी एफ/१.८ ची साधी प्राइम लेन्स लावा. ५.६ भागिले १.८ चा वर्ग करा. उत्तर ९.७. जवळजवळ दहापट प्रकाश! आयएसओ ६४०० वरून ६६० वर. म्हणजे सेन्सर बदलून अडीच पटही नाही, आणि लेन्स बदलून दहापट. आणि पन्नासची ही लेन्स कॅनन, निकॉन, सोनी कुणाचीही घ्या, त्या-त्या कंपनीच्या स्वस्त लेन्समध्ये मोडते. कॅननची ईएफ ५० एफ/१.८ तर जेमतेम १६० ग्रॅमची. शर्टाच्या खिशात मावेल.

इथे फुल फ्रेमवाले लगेच म्हणतील, “अगं, पण फुल फ्रेमवरही एफ/१.८ लावता येते की!” येते ना. पण तीच चौकट मिळवायला तिथे ५० नाही, ८५ च्या आसपासची लेन्स लागते, आणि ती पन्नासपेक्षा महाग आणि जड. ती घेतली तर फुल फ्रेम पुन्हा सव्वा स्टॉप पुढे जाईल, हे शंभर टक्के मान्य. पण क्लबचे पैसे बॉडीतच संपले तर ती लेन्स येणार कुठून? आपल्याकडे हेच होतं. बॉडी फुल फ्रेम, लेन्स साधी, आणि मग तीन वर्षं ‘पुढच्या वर्षी चांगली लेन्स घेऊ’. नवऱ्या मुलाला सूट शिवला आणि पायात स्लीपर, तशातली गत.

बॅकग्राऊंड ब्लर, अर्थात सगळ्यांचा लाडका ‘ब्लर’, त्याचंही ऐका. क्रॉपवर ५० एफ/१.८ म्हणजे ब्लरच्या बाबतीत फुल फ्रेमवरच्या ७५ एफ/२.७ सारखं काम. पोर्ट्रेटसाठी पुरून उरतं. उलट नवशिक्याने फुल फ्रेमवर ८५ एफ/१.८ पूर्ण उघडून जवळून फोटो काढला तर एक डोळा शार्प आणि दुसरा धुक्यात, असं व्हायला वेळ लागत नाही.

बरं, आपल्या क्लबमध्ये फोटो कशाकशाचे निघतात? गॅदरिंग झालं. दुसरा नंबर ट्रेकचा. सकाळी राजगडावर चढायचं, खांद्यावर सॅक, सॅकमध्ये पाणी, भेळेचं सामान, एकाचा टेंट. कॅनन ५डी मार्क फोर बॅटरीसकट सुमारे ८९० ग्रॅम, निकॉन डी३५०० चारशे ग्रॅमच्या थोडा वर. लेन्स धरली की फरक आणखी वाढतो. आणि माचीवरून सकाळी दरीचा फोटो काढताना आपण एफ/८ ला, आयएसओ १०० ला, ट्रायपॉडवर काढणार. तिथे किट लेन्सच्या १८ मिमीवर दोन्ही सेन्सरमधला फरक ए-थ्री प्रिंटवरही सहज सांगता येणार नाही. या कामासाठी खर्च करायचाच तर ट्रायपॉडवर करा.

तिसरा नंबर पक्ष्यांचा. हिवाळ्यात आपली मंडळी भिगवणला जातात, उजनीच्या बॅकवॉटरमध्ये फ्लेमिंगो बघायला. इथे तर क्रॉपचाच फायदा. ३०० मिमीची लेन्स निकॉनच्या क्रॉपवर ४५० इतकी दिसते. “ती काही खरी झूम नाही, नुसतं कापलेलं चित्र आहे,” असं म्हणणारे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहेत. पण प्रश्न पक्ष्यावर किती पिक्सेल पडले हा आहे. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉपइतके पिक्सेल त्याच ३०० ने पक्ष्यावर पाडायचे तर फुल फ्रेम ५६ मेगापिक्सेलचा लागेल. निकॉनचा डी८५० घ्या. ४५.७ मेगापिक्सेलचा दणदणीत कॅमेरा, पण क्रॉप मोडमध्ये त्याचे उरतात १९.४. आणि फुल फ्रेमवर खऱ्या ४५० पर्यंत पोचायचं तर त्या लेन्सची किंमत विचारून दुकानदाराला उगाच आशा लावू नका.

कासच्या पठारावरची फुलं? तिथे लहान सेन्सरला समान चौकटीत आणि समान अॅपर्चरला जास्त भाग शार्प मिळतो, जे जवळून फोटो काढताना हवंच असतं. एक एक्स्टेन्शन ट्यूब लावली तर पन्नासची लेन्सच मॅक्रोचं काम करायला लागते. (फक्त फोटोसाठी फुलांवर पाय देऊ नका, प्लीज. ते पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ पासून आहे. आपल्या लाइक्ससाठी नाही.)

फुल फ्रेम खरोखर कुठे जिंकतो तेही सांगते, नाहीतर मी एकतर्फी लिहिलं म्हणाल. अमावास्येच्या रात्री आकाशगंगेचे फोटो, लग्नाचं धंदेवाईक काम, मोठ्या होर्डिंगसाठीची फॅशन किंवा जाहिरातीची कामं, आणि अरुंद जागेत वाइड अँगलची उघडी लेन्स लागते तिथे. ज्याचं घर कॅमेऱ्यावर चालतं त्याने फुल फ्रेम घ्यावा, त्याचे पैसे दोन सीझनमध्ये वसूल होतील. आणखी एक खरी तक्रार अशी, की कॅनन आणि निकॉन यांनी क्रॉपसाठीच्या प्राइम लेन्सकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं. निकॉनने ३५ एफ/१.८ डीएक्स २००९ मध्ये काढली आणि पुढे बराच काळ आपण तेवढ्यावरच खूश. पण आता चित्र बदलतंय. निकॉनची झेड माऊंटची २४ एफ/१.७ डीएक्स २०२३ मध्ये आली, आणि कॅननने २०२४ पासून सिग्माच्या क्रॉप लेन्स आपल्या आरएफ माऊंटवर येऊ दिल्या. फुजीने तर एक्स मालिका पूर्ण क्रॉपवरच उभी केली, आणि लोक त्यावर लग्नंही शूट करतात.

दुसरा नेहमीचा युक्तिवाद म्हणजे ‘अपग्रेड’. “आत्ताच फुल फ्रेमच्या लेन्स घेऊन ठेवू, पुढे बॉडी घेऊ.” ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण फुल फ्रेमसाठी बनलेली २४-७० क्रॉपवर लावली की ३६-१०५ होते. म्हणजे वाइड अँगल गेलाच! हॉस्टेलच्या खोलीत चार जणींचा फोटो काढायला भिंतीत शिरावं लागेल. जो कॅमेरा आज हातात आहे त्याला शोभेल ती लेन्स घ्यावी. पाच वर्षांनी येणाऱ्या कॅमेऱ्यासाठी आज गैरसोय सोसायची, हे म्हणजे प्लेसमेंट होण्याआधी होमलोनचे फॉर्म भरण्यासारखं आहे. पन्नासची एफ/१.८ मात्र अपवाद. कॅननची किंवा निकॉनची घेतलीत तर ती दोन्हीकडे चालते.

आता थोडं प्रॅक्टिकल, कारण सेकंड-हँड घेणारे बरेच आहेत आणि फसतातही बरेच. एक, निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यावर जुनी स्वस्त ५० एफ/१.८ डी लावली तर ऑटोफोकस होत नाही, हाताने फिरवत बसावं लागतं. ‘एएफ-एस’ लिहिलेली बघून घ्या. दोन, कॅननची ईएफ-एस लेन्स कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाही. ईएफ लेन्स मात्र क्रॉपवर बसते, आणि अॅडॉप्टर लावून नव्या आरएफवरही चालते. तीन, लेन्स घेण्यापूर्वी तिच्यातून मोबाइलचा टॉर्च मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे. आणि चार, आपल्या पावसाळ्यात ही बुरशी नव्या लेन्सलाही लागते. गादीखालच्या कपड्यांना लागते तशीच. महागडी पेटी नको, घट्ट झाकणाचा मोठा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. जेल ओलसर झालं की वाळवून पुन्हा वापरायचं. क्लबच्या कपाटात ठेवलेली सामग्री चार महिने बंद राहते, तेव्हा या डब्याचे पैसे यादीत आधी लिहा.

इथपर्यंत सगळं तंत्रज्ञान झालं. पण मला खरं बोलायचंय ते कपाटाबद्दलच.

एकच महागडा फुल फ्रेम घेतला तर तो राहणार कुठे? जिमखान्याच्या स्टीलच्या कपाटात. किल्ली कुणाकडे? सेक्रेटरीकडे. सेक्रेटरी राहतो कुठे? बॉइज हॉस्टेलला. आता लेडीज हॉस्टेलची एखादी फर्स्ट इयरची मुलगी, जिला गेट बंद व्हायच्या आत परत यायचंय, तिला तो कॅमेरा कधी मिळणार? संध्याकाळी लॅब सुटते, अंधार पडायच्या आत उजेड अर्धा तास, किल्ली शोधण्यात तो संपतो. आणि किल्ली मिळालीच तर “सांभाळून हं, लाखाच्या वरचा आहे” हे वाक्य ऐकून तिचा हात आधीच थरथरतो. ज्या कॅमेऱ्याला हात लावायचीच भीती वाटते तो कॅमेरा शिकवणार काय? तो शेवटी तीनच जण वापरणार, आणि तिघंही असे, ज्यांच्याकडे घरचा कॅमेरा आधीपासून आहे. हे मी कुणावर आरोप म्हणून लिहीत नाहीये. महागडी वस्तू एकच असली की ती आपोआप जपली जाते, आणि जपणं म्हणजे आपल्याकडे कुलपात ठेवणं.

आपल्यातल्या किती जणांच्या घरी कॅमेरा आहे? माझ्या विंगमध्ये बारा जणींपैकी दोघींच्या. बाकीच्यांकडे मोबाइल आहे, आणि मोबाइलने हल्ली छान फोटो येतात हेही खरं. पण अॅपर्चर फिरवलं की काय होतं, शटर कमी केला की पंखा कसा वितळतो, लेन्स बदलली की तोच चेहरा वेगळा का दिसतो, हे हाताने करून बघण्याची संधी त्यांना कॉलेजनेच द्यायला हवी. इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये आपण काय म्हणतो? एक महागडा ऑसिलोस्कोप काचेत ठेवण्यापेक्षा प्रत्येक टेबलावर एकेक साधा असावा. मग क्लबला वेगळा नियम का?

“दोन कॅमेरे म्हणजे दोनदा मोडणार,” असं एक जण मीटिंगमध्ये म्हणाला. मोडतील कदाचित. पण साधी बॉडी दुरुस्त करणं परवडतं आणि ती दुरुस्तीला गेली तर दुसरी असते. एकुलता एक फुल फ्रेम गॅदरिंगच्या आदल्या दिवशी बंद पडला तर काय करायचं, याचं उत्तर त्याने दिलं नाही.

तर माझा प्रस्ताव असा. दोन क्रॉप बॉडी, एकाच कंपनीच्या, म्हणजे लेन्स अदलाबदल करता येतील. दोन्हींबरोबर किट लेन्स. शिवाय एक ५० एफ/१.८ गॅदरिंगसाठी आणि पोर्ट्रेटसाठी, एक ३५ च्या किंवा २४ च्या आसपासची उघडी प्राइम खोलीत आणि रस्त्यावर काढायला, एक ७०-३०० किंवा तत्सम लांबची, एक मजबूत ट्रायपॉड, दोन घट्ट डबे आणि जास्तीच्या बॅटऱ्या. एक कॅमेरा जिमखान्यात, एक लेडीज हॉस्टेलला रेक्टर मॅडमच्या ऑफिसात. लायब्ररीसारखं रजिस्टर. नाव, वेळ, सही. दर शनिवारी फर्स्ट इयरचा हक्क पहिला. सिनिअर्सनी रविवारी काढावेत. ट्रेझररनी दोन्ही बाजूंची कोटेशन्स मागवून नोटीस बोर्डावर शेजारी शेजारी लावावीत आणि मग मतदान घ्यावं. सर-मॅडमनाही विनंती, सही करण्यापूर्वी एवढंच विचारा की या वस्तूला वर्षभरात किती विद्यार्थ्यांचे हात लागतील.

मतदानात हरलो तर फुल फ्रेमचं स्वागत करायला मी सगळ्यात पुढे असेन, त्यातही रजिस्टर आणि शनिवार मात्र मागणारच. आणि ज्यांना फुल फ्रेमशिवाय करमतच नाही, त्यांनी मनाला लावून घेऊ नका. कॅम्पस इंटरव्ह्यू जवळ आलेत. पहिल्या पगारातून खुशाल घ्या. फक्त त्याआधी पार्टी द्या, आणि पार्टीचे फोटो आपण क्लबच्या क्रॉपवर काढू. पन्नासची लेन्स लावून.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स